आवाज फाटला पाहिजे

"हॅलो... हॅलो... चेक. अरे, ती गिटारवाली बघ ना... काय चालते—"

टेंभी नाक्यावरच्या सगळ्या दुकानांनी हे ऐकलं, कारण साऊंडवाल्या परशुरामच्या हातातला माईक चालू होता. समोरची फुलवाली खुदकन हसली. आणि गिटारवाली वळून थेट दुकानाच्या पायरीवर आली.

"कशी चालते?"

परशुरामने आधी माईक बंद केला, मग कपाळाचा घाम पुसला. "गिटार... गिटार कशी चालते, असं म्हणत होतो."

"गिटार चालत नाही, वाजते," ती म्हणाली. डोळ्यांत मात्र राग नव्हता... आणि तेच परशुरामला जास्त अवघड गेलं.

१९८९ सालचा मार्गशीर्ष होता. तिचं नाव जया, ठाकुर्लीच्या आगरी घरातली. सोबत तिची जनाबाई आत्या होती. आत्या धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण विधीची गाणी, म्हणजे धवले गाते, तेव्हा कुठे लग्न लागतं. तिचा मान मोठा. चुलतबहीण मालूच्या हळदीला आठवडा उरला होता, आणि जया सकाळपासून एक अॅम्प्लिफायर शोधत दुकानं पालथी घालत होती.

अडचण अशी होती. जयाचा चुलतभाऊ गुणाजी याची बेंजो पार्टी होती. त्या पार्टीत आजवर एकही मुलगी वाजवायला बसली नव्हती. गुणाजीने अट घातली होती, "गिटारसाठी टेम्पोत एकच खोकं मावेल. त्याच्यावर आत्याचा धवलापण सजला पाहिजे, नि नाचाचं गाणंपण. जमलं तर तू पार्टीत. नाय जमलं, तर गिटार घरीच वाजव."

परशुराम कोपरीचा कोळी. अॅम्प्लिफायर तो स्वतः बनवायचा, खोक्यासकट. त्याने आपला सगळ्यात चांगला पुढे ओढला. जयाने वायर जोडली आणि हलकेच तार छेडली. सूर विहिरीच्या पाण्यासारखा नितळ निघाला, तळ दिसावा असा.

"वा!" ती मनापासून म्हणाली. मग तिने बटण पूर्ण फिरवलं आणि जोरात वाजवलं. आवाज मोठा झाला. बस, नुसताच मोठा.

"हा फाटत नाही," जया हिरमुसली.

"फाटेल कसा?" परशुरामची छाती फुगली. "कोपरीपासून कल्याणपर्यंत कोणालापण विचारा. परशाच्या साऊंडचा आवाज फाटला, असं कोण बोलणार नाय."

"मग माझ्या काही कामाचा नाही."

परशुराम बघतच राहिला. साऊंडवाल्याला 'तुझा आवाज फाटला' म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला 'भात करपला' म्हणणं. आणि ही पोरगी करपलेलाच भात मागत होती!

जयाने त्याचा गोंधळ ओळखला. ती आत्याकडे वळली. "आत्या, धवल्याची एक ओळ म्हण ना. हळू."

आत्या स्टुलावर बसल्याबसल्या गुणगुणली. आवाज मऊ, स्वच्छ.

"आता मिठागराच्या पलीकडे काका आहे असं समज, नि त्याला जेवायला हाक मार."

"इथं? नाक्यावर?" आत्याने डोळे वटारले, पण पोरीवर तिचा जीव होता. तिने तोंडाशी हात धरला आणि हाक घातली. हाकेच्या टोकाला आवाज चिरकला, खरखरला, पण सूर सुटला नाही. फुलवालीच्या हातातला गजरा तसाच राहिला.

"गळा तोच," जया म्हणाली. "हळू असला की स्वच्छ, जोर लावला की फाटका. त्या फाटण्यातच सगळी माया असते. मला असा अॅम्प्लिफायर हवाय."

आजवर हजार आवाज परशुरामने ऐकले होते, पण आवाज *ऐकायला* असं कोणी शिकवलं नव्हतं. "दोन दिवसांनी या," तो म्हणाला. मग घाईने, "...नक्की या."

ती आली. त्याने जोडणी बदलली होती. जयाने वाजवून पाहिलं आणि नाक मुरडलं. "फाटतो, पण पत्र्यासारखा. मला कापड फाटल्यासारखा हवा."

"मॅडम, तुम्ही गिटार शिकलात की शिवणकाम?"

"दोन्ही. आणि मॅडम नको. जया."

पुढच्या खेपेला दुकानात एक नवं खोकं होतं. जाळीमागे काचेचे दोन छोटे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लालसर पेटले होते.

"घरातला जुना रेडिओ बंद पडलेला," परशुराम म्हणाला. "त्यातले काढले. ट्रान्झिस्टरवर भार पडला की सूर एकदम तुटतो. व्हॉल्व्हमध्ये तो हळूहळू वाकतो. आणि हे बघ, दोन बटणं केलीत. पहिल्याने सूर आत किती सोडायचा, दुसऱ्याने बाहेर किती काढायचा."

"म्हणजे उघाडी!" जया उसळून म्हणाली. "खाजणाच्या बांधाला असते ना, पाण्याची फळी? आत भरपूर पाणी घ्यायचं, म्हणजे ते बांधावरून फेसाळतं. बाहेरची फळी थोडीच उघडायची, म्हणजे फेस राहतो, पण शेत बुडत नाही!"

परशुरामने ही बटणं बनवायला तीन रात्री डोकं खाजवलं होतं, आणि हिने एका शब्दात सांगून टाकलं होतं. "तू... तू मास्तरीण हो," तो पुटपुटला.

"विद्यार्थी बरा मिळाला तर होईन."

तिने वाजवलं. हलक्या बोटांना नितळ सूर, जोराच्या बोटांना जाड मांजरपाट टरकन फाटावं तसा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... आणि दोघांनीही घाईने व्हॉल्व्हकडे पाहिलं.

हळदीच्या संध्याकाळी ठाकुर्लीच्या अंगणात मांडव भरला होता. परशुराम स्वतः खोकं घेऊन आला होता. आत्याने धवला धरला आणि जयाची गिटार तिच्या मागून पावलं न वाजवता चालत राहिली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुणाजीने मान हलवली. अर्धी अट पुरी झाली होती.

मग नाचाचं गाणं सुरू झालं. जयाने जोर लावला, आणि आवाज फाटला.

"ओ साऊंडवाला! आवाज फाटला!" कोणीतरी ओरडलं. "कमी कर! कमी कर!" मांडवात आसपासच्या गावांचे साऊंडवाले पाहुणे म्हणून बसले होते. "परशाचा फाटला रे!" त्यांच्यात हशा पिकला.

इतक्या वर्षांची सवय; परशुरामचा हात आपोआप बटणाकडे गेला. जयाने ते पाहिलं. बटण मागे फिरलं, तर तिचा सूर पुन्हा नुसताच नितळ होणार होता आणि पार्टीतली जागा जाणार होती.

परशुरामने हशाकडे पाहिलं. मग जयाकडे. आणि पहिलं बटण त्याने आणखी पुढे फिरवलं.

तो फाटका, खरखरीत सूर मांडवभर उधळला. आधी मालूच्या मैत्रिणी उठल्या, मग मामा उठले, मग ओरडणारा स्वतःच नाचायला लागला. गुणाजी बेंजो वाजवताना ओरडला, "जये, पुढं सरक! मधी बस!"

गाणी संपल्यावर ती वायर गुंडाळणाऱ्या परशुरामजवळ आली.

"सगळ्यांसमोर तुझं नाव गेलं."

"जाऊ दे. तुझं झालं ना?" तो वायरीकडेच बघत म्हणाला.

जया खाली बसून वायरीचं दुसरं टोक गुंडाळायला लागली.

तेवढ्यात आत्या पानाचा विडा घेऊन आली. परशुराम उठून उभा राहिला. "आत्या... कोळ्याच्या लग्नात धवला म्हणाल का?"

"म्हणेन की. कोनाचं लगीन हाय पोरा?"

परशुरामचे कान लाल झाले. तो नुसता जयाकडे बघत राहिला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"काय गो जये? त्या लग्नात धवल्यामागं गिटार वाजवशील ना?"

"नाही आत्या," जया म्हणाली.

परशुरामच्या हातातली वायर गळून पडली.

"कशी वाजवू?" ती खाली बघत हसली. "त्या दिवशी माझ्या हातांना हळद असेल."