रुईच्या खोलीतली हाक

घाटंजीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी पहिली किंकाळी फोडली आणि माझ्या अंगावर बादलीभर पाणी पडलं. तेही जानेवारीतलं, गारढोण.

समोर रिकामी बादली धरून एक उंच तरुण उभा होता, माझ्याहून जास्त घाबरलेला.

“आग कुठं आहे?” त्यानं विचारलं.

“कसली आग?”

“मंग काहून ओरडून राह्यल्या होत्या?”

“अहो, शूटिंग चालू आहे...”

मागून आमचे दिग्दर्शक मधुसूदन सर ‘कट’ म्हणाले आणि सगळं युनिट हसत सुटलं. मी मात्र कुडकुडत त्याच्याकडे बघत राहिले. कपिल त्याचं नाव. तो जिनिंगचा फिटर. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंग संक्रांतीआधीच बंद पडलं, म्हणून मालकानं ते आम्हाला दिलं होतं. यंत्रं थांबली तरी कपिलची सवय थांबली नव्हती. कापसाच्या जागी कोणी ओरडलं की आधी बादली उचलायची, विचारपूस मागाहून.

मी गुंजन. यवतमाळची, चोवीस वर्षांची, बाबा सरकारी कचेरीत. माझा धंदा घाबरण्याचा. मधुसूदन सरांच्याच तीन सिनेमांत मी एकटी, भेदरलेली मुलगी झाले होते. जिचं कोणी खरं मानत नाही, जिला घरचेच वेडी ठरवतात. हा चौथा.

दुपारी मी आवारात केस वाळवत बसले होते. कपिल चहा घेऊन आला.

“तुमचे तिन्ही पिक्चर पाह्यले मी.”

“आवडले?”

“अर्धे अर्धे पाह्यले.”

मला रागच आला. “इतके वाईट होते?”

“तसं नाही... तुम्ही ओरडता अन् कोणीच येत नाही. मले बसवत नाही मंग.”

माझ्या डोळ्यांवर, माझ्या थरथरण्यावर पेपरांत रकाने भरून लिहून आलं होतं. हे मात्र आजवर कोणी म्हटलं नव्हतं. चहा हातातच गार झाला.

मग रोजच चहा येऊ लागला. कपिल बोटांच्या चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी दाखवायचा, आणि मी धाग्याऐवजी बोटंच बघत बसायचे. एकदा बोलता बोलता त्याचा हात माझ्या केसांपर्यंत आला... आणि मध्येच थांबला.

“केसात रुई आहे तुमच्या.”

“मग काढा ना.”

“हंसाबाई पाहून राह्यल्या.”

मेकअपवाल्या हंसाबाईंनी लगेच तोंड फिरवलं. तरी हात पुढे सरकला नाही. भित्रा कुठला!

शेवटचा प्रसंग रुईच्या खोलीत होता, सरकी काढलेला कापूस साठवतात तिथे. एकच दार, खिडकी नाही, कॅमेऱ्यापुरता झरोका. बंद खोलीत मला खरोखर श्वास घेता येत नाही. लिफ्टमध्येही मी जात नाही. हे दोघांनाच ठाऊक होतं, सरांना आणि आता कपिलला. म्हणून दार नुसतं ओढायचं, कडी लावायची नाही, असं सरांनी कबूल केलं होतं.

“उद्या मी खूप ओरडणार,” मी कपिलला बजावलं. “तुम्ही धावायचं नाही. शप्पथ घ्या.”

“अन् खरंच काही झालं तं?”

“तर तुमचं नाव घेईन.”

“माझं... नाव?” त्याचे कान लाल झाले.

“हो. सिनेमात कपिल नावाचा कोणी नाही.”

दुसऱ्या दिवशी मी ओरडले, भिंतींवर हात आपटले, शेवटी ठरल्याप्रमाणे दार ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं. बाहेरून कडी होती.

“छान, गुंजन, थांबू नकोस,” झरोक्यातून सरांचा शांत आवाज आला.

हे त्यांनी ठरवून केलं होतं. मग मी जिवाच्या आकांतानं ओरडले. बाहेर सगळे स्तब्ध, माझा अभिनय बघत. कपिलही तिथेच होता, मीच घातलेल्या शपथेला जागत. छातीत हवा उरली नव्हती. उरली होती तेवढ्यात एकच शब्द बसला.

“कपिल...”

धाडकन दार उघडलं. बादली नव्हती या वेळी. “मी आहे,” माझे दोन्ही हात धरून तो म्हणाला. “श्वास घ्या... हळू.”

“अप्रतिम,” सर म्हणाले. “तेवढं नाव डबिंगमध्ये काढून टाकू.”

कडीपेक्षा मोठा धक्का मला या वाक्यानं बसला. “तुम्ही कडी लावलीत, सर?”

“तुला सांगितलं असतं तर अशी भीती आली असती का?”

म्हणजे सरांच्या लेखी तीन सिनेमे मी नुसती घाबरत होते. अभिनय करत होते असं या माणसाला कधी वाटलंच नव्हतं.

“तो टेक पुसा. माझ्यासमोर,” मी म्हणाले. “नाहीतर मी यवतमाळची एसटी पकडते.”

सर हसले. पण हंसाबाई माझी बॅग उचलून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. लाइटवाल्यांनी लाइट बंद केले. सरांचं हसू ओसरलं. टेक पुसला गेला.

“आता मी करून दाखवते.”

कपिलनं पान्ह्यानं दाराची कडीच उखडली आणि खिशात टाकली.

मी पुन्हा आत गेले. या वेळी प्रत्येक किंकाळी माझी होती, कमवलेली. दाराच्या फटीतून कपिल दिसत होता. मुठी आवळलेल्या, डोळे भरलेले, पण जागचा हलला नाही. मग ‘कट’ झालं.

“हा जास्त चांगला झाला,” सर अखेर पुटपुटले. मी दार ढकलून बाहेर आले.

बाहेर ऊन होतं. कपिल पार हौदापाशी जाऊन तोंड धूत होता. मला आता कसलीच भीती नव्हती. घरात बोलतात तेवढ्याच आवाजात मी म्हणाले, “कपिल.”

तो बादली घेऊन पळत आला. अर्धं पाणी त्याच्याच पँटवर.

“काय झालं? खरंच काही झालं काय?”

“हो,” मी म्हणाले. “खरंच झालं.”

मग त्यानं बादली खाली ठेवली आणि माझ्या केसातली रुई काढली. या वेळी हात मध्येच थांबला नाही.