चुकलेला ठोका

हिरासिंग राठोड आणि मी, आमच्या दोघांत मिळून एक विमान होतं. लष्करानं लिलावात काढलेलं, एकावर एक पंख असलेलं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. दारव्ह्याबाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असायचं. पुढच्या बैठकीच्या जागी आम्ही टाकी बसवली होती. तिच्यातून कपाशीच्या पऱ्हाटीवर कीडनाशक भुकटी सोडायची. हिरासिंग उडवायचा, मी इंजिन सांभाळायचो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी वायुदलात फिटर होतो. इंजिन का चालतं आणि का थांबतं, ते मला कळायचं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा वडिलांनी घरातले देव नदीत सोडले. माझी भुतंखेतं त्याआधीच सुटली होती.

बासष्टच्या भादव्यात इंजिन उघडून मी टेबलावर मांडलं होतं. हिरासिंगची बायको भुरीबाई त्यांच्या बंजारा तांड्यावरून भाकरी घेऊन आली आणि शेडच्या दारातच थबकली.

"बळीरामभाऊ, इमान तं इथंच हाय."

"मंग कुठं असन वहिनी?"

"आत्ता तांड्यावरून गेलं ना. लेकरं मागं पळाली."

दुसरं एखादं असेल, नागपूरकडं जाणारं, असं मी म्हणालो. ती शेडमधल्या विमानाकडंच बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः ऐकलं. भर दुपार होती, आभाळ धुतल्यासारखं निळं. अरुणावती नदीच्या अंगानं आवाज आला. आपण जुळवलेल्या इंजिनाचा आवाज फिटरला कळतो. तो आमच्याच इंजिनाचा होता. फक्त त्यात दोष होता. चारातलं एक सिलिंडर ठोका चुकवत होतं. आवाजानं माळाला एक फेरी घातली, हिरासिंग घालायचा तशीच, डावीकडून. वर काहीच नव्हतं. मी शेडमध्ये येऊन इंजिनावर हात ठेवला. गार होतं.

मी प्लग बदलले. प्लगला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो उघडून पुसला, वॉल्व्ह पाहिले. इंजिन चालू करून कान लावून बसलो. एक ठोका चुकला नाही.

आवाज येतच राहिला. दर खेपेला थोडा खालून.

शेवटी हिरासिंगला सांगितलं. तो विमानाच्या पंखाला टेकून बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत होता.

"मशीनीत काय खराबी हाय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही."

"मंग?"

"काही दिवस जाऊ नको. मी सांगून राह्यलो म्हणून."

"तांड्याच्या पऱ्हाटीवर अळी पडली बळीराम. आज थांबलो तं हंगाम गेला." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मले बी आयकू येते. वरतं असलो की मांगून येते. पह्यले लय दूर होतं. आता मान वळवाची हिंमत नाही होत."

"मंग तू कायले जातं?"

"इथं बसलो तं थे इथं येईन ना."

मी पंखा हातानं फिरवला. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, स्वच्छ, एकसारखं. हिरासिंगनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडं न पाहता निघाला. विमान उडालं, तांड्याकडं वळलं. टेकाडाआड जाईपर्यंत मी ठोके ऐकत होतो. सगळे बरोबर होते.

ते विमान पुन्हा कुणाला दिसलं नाही. पुढं पोलीस फिरले, जंगलखात्याची माणसं फिरली, नदी धुंडाळली. कापडाचा तुकडासुद्धा मिळाला नाही. त्या दिवशी पऱ्हाटीवर भुकटीही पडली नव्हती.

पण त्याच दुपारी भुरीबाई आणि मी शेडपुढं उभे असताना आवाज परत आला.

"आले," ती म्हणाली.

मी ऐकत होतो. चारातलं एक सिलिंडर ठोका चुकवत होतं.

आवाजानं डावीकडून फेरी घातली. मग इंजिन मंद झालं, उतरताना करतात तसं. आभाळ रिकामं होतं. माळ रिकामा होता.

टोकाला गवत दबलं.

दबलेल्या गवताचे दोन पट्टे आमच्याकडं धावत आले, हळू झाले, शेडपुढं थांबले. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मी पुढं गेलो. हात पुढं केला. तळव्याला धग लागली. इंजिनावरचा निवणारा पत्रा टक्, टक् वाजत होता.

भुरीबाई पदर सावरून बाजूला सरकली, उतरणाऱ्याला जागा द्यावी तशी. आम्ही वाट पाहिली.

खूप वेळ पाहिली. कुणी उतरलं नाही.

टक् टक् थांबलं. धगही गेली. माझ्या गुडघ्यापुढं, नुसत्या हवेतून, गवतावर काळ्या तेलाचा एक थेंब पडला.

मग दुसरा.