अकरा तारा

बेंगळुरात रविवारी दुपारी नवी जोडपी लालबागेत जातात. सुप्रीताला तिच्या नवऱ्यानं पीण्याच्या उद्योगवसाहतीत, सुटीमुळे बंद असलेल्या कारखान्यात नेलं. लग्नाला चार महिने झाले होते आणि वादिराजचं काम एकदा बघायची हौस तिचीच, त्यामुळे कुरकुरायला तोंड नव्हतं. तो क्रेन तपासायचा, झिजलेले भाग बदलायचा. त्यानं वर चढून आकडे सांगायचे आणि खाली कुणीतरी ते वहीत लिहायचे. ते कुणीतरी त्याच्याकडे टिकत नसे.

“स्वल्प काम आहे गं. तासाभरात सुटू.”

आदल्या दिवशीच त्यानं नवा पोलादी दोर चढवला होता. आज तपासणी, उद्या सकाळी भार उचलून चाचणी. दोरावरून सुती फडकं फिरवायचं. तार तुटली असेल तिथं धागा अडकतो. वीतभर लांबीत बारा तारा तुटलेल्या निघाल्या, की दोर मोडीत.

वादिराज शिडीनं वर गेला. खाली ग्रीसचा वास, त्यात कुठूनतरी शिळ्या कापराचा. हुकाला आयुधपूजेची झेंडूची माळ अजून चिकटलेली होती, वाळून काळी पडलेली.

“पहिला मीटर... शून्य.”

तिनं लिहिलं. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. पत्र्याखाली घुमणारी कबुतरं एकाएकी गप्प झाली.

“अकरा... लिहून घ्या, वहिनी.”

तिनं लिहिलं आणि हसू आवरेना. “अहो, तुमच्या बेंगळुरात बायकोला वहिनी म्हणतात होय?”

वर शिडी वाजू लागली. वादिराज खाली आला तेव्हा फडकं त्याच्या मुठीत चुरगळलं होतं.

“काय ऐकलंस तू?”

तिनं वही दाखवली. तो तिथंच लोखंडी पेटीवर बसला.

“योगीराज...” तो म्हणाला. “माझा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी ह्याच क्रेनवर. तो वरून बारा म्हणाला, मी अकरा लिहिले. आयुधपूजा तोंडावर होती, मालकाला सजवलेली क्रेन चालू हवी होती. योगीराज सणाला निपाणीला गेला. परत आला तेव्हा त्याला वाटलं, मी दोर बदलला असेल. बिनघोर भाराखाली उभा राहिला...”

सुप्रीतानं हुकाकडे पाहिलं नाही.

“उद्याची चाचणी पुढं ढकला.”

“काय कारण सांगू? दोर कोरा आहे गं. दोनदा फडकं फिरवलं, एक धागा अडकला नाही.” त्यानं पेन तिच्या हातात दिलं. “खोड ते. शून्य लिही.”

घाबरलेल्या नवऱ्याशी वाद घालू नये, एवढं ती चार महिन्यांत शिकली होती. तिनं अकरावर रेघ मारली आणि शून्य लिहिलं. खाली तपासनीस म्हणून त्याची सही, लिहिणाऱ्याच्या जागी तिची.

घरी येऊन तिनं त्याच्या खिशातलं फडकं धुवायला काढलं. सुतात एका ओळीत धागे ओढले गेले होते. मोजले. अकरा. तिनं ते त्याला दाखवलं.

“जुनं फडकं आहे,” तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

सकाळी तो न जेवताच गेला. “जाऊ नका,” ती दारात म्हणाली. “सरी, सरी,” असं कानडीत हो-हो म्हणत त्यानं चप्पल घातली, जणू ती बाजारातून काहीतरी आणायला सांगत होती.

नऊ वाजता तिनं दोरीवरचं फडकं काढलं. कडक वाळलं होतं, रात्रभर कुणाचा हात लागला नव्हता. तिनं बोटानं एकेक धागा मोजला. पुन्हा मोजला.

बारा.

तिनं फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. पलीकडं क्रेनची घरघर चालली होती... मग तीही थांबली.

“अहो! बाजूला व्हा! खाली उभे राहू नका...”

“बारा,” काल वरून आलेला तो आवाज शांतपणे म्हणाला. “ह्या वेळी नीट लिहा, वहिनी.”