पायरीखालच्या वहाणा

मेलेल्या माणसाच्या अस्थी चोरून कुणाला काय मिळणार? तरी हिबारीगाओका स्टेशनातल्या कपाटातून कलश गेला होता, आणि त्यापाठोपाठ म्हाताऱ्या स्टेशनमास्तरांची, सुनागावांची, नोकरी जायच्या बेतात होती. वरच्या कचेरीने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

त्यांनी किजिमाबाईंना बोलावलं. बाई खाजगी तपासाचं काम करत. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सोबत जावई मोरिताका. त्याला बाईंनी पिशवी धरायला ठेवलं होतं, आणि तीही तो अधूनमधून विसरे.

मास्तरांनी दमल्या आवाजात हकिगत सांगितली. हात्सुए माकाबे या विधवेकडून नवऱ्याचा कलश काल गाडीत राहिला. मास्तरांनी तो उतरवून, जोडे काढून पायरी चढायच्या चटईच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. कलशावरच्या नावावरून तिचा दीर एकिची सापडला. तो आज न्यायला येणार होता. सकाळी मास्तर गाडीसाठी फलाटावर गेले तेवढ्यात कपाट रिकामं. किल्ली नेहमीसारखी खिळ्याला.

"आणखी काही बदललं होतं?"

"काही नाही. मी बूट चढवून पळतो, वहाणा पायरीखाली कुठेही पडतात. परत आलो तर जोडीने, तोंडं दाराकडे. मीच लावल्या असतील."

"तुम्ही?" बाईंनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. गुंडी भलत्याच काजात होती.

झाडणाऱ्या ओमुराबाईंनी कंबर धरून सांगितलं, की ती पायरी चढणं त्यांनी केव्हाच सोडलंय.

मग एकिची आला. बूट भिरकावून वर चढला. घराण्याच्या थडग्यात अस्थी ठेवायला भिक्षू ठरलाय, नातलग निघालेत, आता तोंड कसं दाखवू, म्हणून मास्तरांना फैलावर घेतलं.

मागून हात्सुए आली. पायरीशी वाकून तिने एकिचीचे बूट वळवले, मोरिताकाचे वळवले, मगच वर येऊन कोपऱ्यात टेकली.

"आई, हा दीरच," मोरिताका कुजबुजला. "केवढा ओरडतोय."

"जावईबापू, ओरडणारे चोर असते तर मी तुम्हाला कधीच धरून दिलं असतं. कलश त्याला आज मिळणारच होता, तो कशाला चोरेल? ओमुराबाई वर चढत नाहीत. चोर वर चढला, पण आधी दुसऱ्याच्या वहाणा वळवल्याशिवाय त्याला राहवलं नाही. चोरीच्या घाईतसुद्धा. असं कोण करतं? आत्ता तुमचेच बूट वळले, तरी विचारताय?"

हात्सुएने लॉकरची किल्ली चटईवर ठेवली.

"कलश फलाटाशेजारीच आहे. दिरांकडून कळलं, तेव्हा त्यांच्या आधी येऊन काढला. काल गाडीत विसरले की सोडून आले, माझं मलाच कळत नाही. सासूच्या थडग्यात हे गेले, की माझी जागाही तिथेच. जिवंतपणी त्या बाईने मला टेकू दिलं नाही. निदान मेल्यावर तरी…" ती मास्तरांपुढे कपाळ टेकेपर्यंत वाकली. "तुमची नोकरी जाईल, हे डोक्यातच आलं नाही. कचेरीत मी सांगते."

एकिचीने तोंड उघडलं.

"बसा," किजिमाबाई म्हणाल्या. "नवरा तिचा होता. कुठे ठेवायचा ते ती बघेल."

मास्तरांनी फोन लावला. हात्सुए स्वतः बोलली, सगळं बोलली. मग कलश काढायला ती एकटीच उठली.

थोड्या वेळाने मोरिताका पायरीशी आला. सगळ्यांचे जोडे दाराकडे तोंड करून उभे होते. एकिचीचा मघाशी नीट वळवलेला एक बूट तेवढा पालथा, दुसरा भिंतीशी.