मागाच्या खड्ड्यातलं पाणी

भुताखेतांची टिंगल करण्यात मी कधी मागे नव्हतो. नागपुरात, मनीषनगरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचं तर भुतालाही लिफ्टची वाट पाहावी लागेल, असं मी चारचौघांत सांगायचो. आता सांगत नाही. दिवा जरा अलीकडे घ्या, मग ऐका.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आईनं मला मामांकडे पाठवलं. "औंदा दादाले घेऊनच ये, भूपेश. ओवाळणी नको मले, भाऊ पाहिजे."

शालिकराम मामा उमरेडच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या गावात एकटे राहतात. कोष्टी माणूस, सारा जन्म हातमागावर गेला. त्यांचं गाव बुडितात धरलं नव्हतं. पाणी इथवर येणार नाही, असं मोजणीवाले सांगून गेले होते. वरून नाहीच आलं. जमिनीखालून आलं. विहिरी काठोकाठ भरल्या, शेतं चिबडली, भिंतींना छातीपर्यंत ओल चढली. निम्मं गाव उठून गेलं. आणि आपलं नागपूर नाग नदीत जे जे सोडतं, ते तिथं जलपर्णीखाली साचून राहिलेलं. तो वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येत होता.

दुपारच होती, पण आभाळ दाटलं होतं आणि गावात लाईन नव्हती. दार उघडं होतं. मामा मागावर बसले होते. आमच्याकडचा माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. पण मागावर सूतच नव्हतं. खड्डा काळ्या पाण्यानं भरला होता आणि मामांचे पाय गुडघ्यापर्यंत त्यात बुडालेले होते.

"मामाजी, सडून जातीन ना पाय! चला, आईनं बोलावलं."

"हळू बोल गा... निजला हाय."

"कोण?"

"तुयाच वयाचा असता आता."

मग माझ्या लक्षात आलं. मामांना एकच मूल झालं होतं, दात यायच्या आधीच गेलं. अशा तान्ह्या लेकरांना आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. गावची ती जागा नदीकाठी होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. धरण भरलं तशी ती पाण्याखाली गेली.

"पाणी आलं, त्याच्यासंग तो बी आला," मामा म्हणाले. "पाय धरते माये. त्याले सोडून कसा येऊ, सांग?"

माझा जीव तुटला, आणि तितकाच रागही आला. हा माणूस इथंच कुजून मरणार आणि आईला भाऊ पुन्हा दिसणार नाही. त्यांना उठवायचं तर खड्ड्यात काही नाही, हे दाखवून द्यायलाच हवं होतं. "सरका," म्हटलं. बूट काढले, पँट वर केली आणि काठावर बसून पाय आत सोडले.

ऐन दिवाळीत ते पाणी कोमट होतं.

"पाहा, काहीच नाही, मामा..."

उजव्या पायाच्या अंगठ्याभोवती काहीतरी मिटलं. मऊ, लहानसं. तान्हं मूल आपलं बोट धरतं ना, तशी पकड. मग डाव्या अंगठ्यावर. मग घोट्याला... दुसऱ्या घोट्याला... पोटरीला...

"मामाजी... किती हायेत?"

"किती म्हंजे? एकच तं होता."

पाय उचलेनात. खालून ओढ लागली, हळूहळू, खेळल्यासारखी. काठाची ओली माती माझ्या बोटांखाली ढासळत होती. कंबरेपर्यंत मी पाण्यात गेलो. इतका मी उभ्या आयुष्यात भ्यालो नव्हतो. "आई गं!" एवढंच ओरडता आलं.

मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. काय समजायचं ते समजले. माझ्या शेजारी टेकून त्यांनी आपले दोन्ही पाय पुन्हा आत सोडले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सोडा रे बाप्पा त्याले. पाव्हणा हाय तो. मी हावो नं तुमच्यासाठी... सगळ्याईसाठी."

एकेक पकड सुटत गेली. मी अनवाणीच गाडीकडे पळालो.

आई ताट लावून वाट पाहत होती. पाणी उतरलं की येतो म्हणाले, असं सांगून टाकलं. दुसरं काय सांगणार होतो? त्या रात्रीपासून मी पलंगावरून पाय खाली सोडून बसत नाही.

परवा आईनंच फोन लावला, स्पीकरवर. पारावर बसलो हावो, म्हणाले मामा. जवळ कुणाची तरी बकरी ओरडत होती. आवाज खुशीत होता. आणि त्याच्याही मागून, दुरून, खटाक्‌-खट... खटाक्‌-खट...

"दादा, माग चालू केला वाटते!" आईचा चेहरा उजळला. "कोण विणून राहिलं गा?"

"मले आता काय काम, बाई," मामा हसले. "पोट्टे मोठे झाले. पावडीपर्यंत पाय पुरतात त्याहिचे."