'पोहोचलो' छापणारी ओळ

सकाळी अकराला फोन वाजला आणि आत्याने कपाळावर हात मारला. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणारी तिची कचेरी पाठ सोडत नव्हती. तिथं सगळे तिला आत्याच म्हणायचे.

"आत्या, रुग्णालयातली हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं मधेच गोठतायत." टीममधली धाकटी रडवेली झाली होती. "साहेब म्हणतात, माझ्यामुळे. पाच वाजता मला काढणार आहेत."

कचेरीचा जिना चढेपर्यंत आत्याचे गुडघे बोलायला लागले.

"कर्नलमध्ये, यंत्राच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅममध्ये, काय बदललंस?"

"एक ओळ काढली फक्त. सारखं नोंदीत 'पोहोचलो' असं छापायची. बाकी काही कामाची नव्हती."

"घातली कोणी होती?"

"साहेबांनी. आठ वर्षांपूर्वी."

आत्याने चाचणीचं यंत्र लावलं. चार मिनिटांत गोठलं. कुठं अडतंय ते बघायला तिने स्वतःच्या दोन छापायच्या ओळी घातल्या. यंत्र दोन तास सुरळीत चाललं. ओळी काढल्या, पुन्हा गोठलं.

"मेलं, पाळत ठेवली की शहाण्यासारखं वागतं," ती पुटपुटली आणि जुन्या नोंदी उघडून बसली.

पावणेपाचला ती धाकटीला घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. टेबलावर काढून टाकण्याचं पत्र तयार होतं. सही तेवढी राहिली होती.

"साहेब, आठ वर्षांपूर्वीही यंत्र गोठल्याची तक्रार आली होती. कशी मिटली?"

"आता काय आठवणार?"

"मी सांगते. त्या दिवशी तुम्ही 'पोहोचलो' घातली, काढली आणि पुन्हा घातली. तक्रार बंद."

साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"कर्नलमधली दोन कामं एकाच वेळी मेमरीत जागा शोधतात. शेवटची एकच खुर्ची रिकामी. दोघांनाही ती मोकळी दिसते, दोघंही बसतात आणि एक जण शेजाऱ्याच्या मांडीवर पडतो. भलत्याच जागी लिहिलं जातं, यंत्र गोठतं. तुमची ओळ छापण्यात एकाला क्षणभर उशीर व्हायचा, तोवर दुसरा बसलेला असायचा. पोरीने ओळ काढली, उशीर संपला. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून तर ती परत घातलीत."

"तारीख तोंडावर आली होती," साहेब हळूच म्हणाले. "म्हटलं, नंतर बघू. मग सांगायचा धीरच होईना."

आत्याला राग यायला हवा होता. नुसता थकवा आला. असे किती तरी 'नंतर बघू' तीही मागे ठेवून गेली होती.

"ओळ परत घालू?" धाकटीने विचारलं.

"मुळीच नाही. कुलूप घाल. एक बसेपर्यंत दुसऱ्याने बाहेर थांबायचं."

आत्याने पत्र उलटं करून साहेबांपुढे सरकवलं.

"पाठकोरं आहे. खरं काय ते इथं लिहा, रुग्णालयाला आजच कळवायचंय. आणि जरा लवकर, मला घरी जायचंय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.