अक्कांचा आवाज

"तुमच्या कादंबरीतली सगळी माणसं तुमच्यासारखीच बोलतात," असं प्रकाशकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी वांगी चिरत होते. राग आला, कारण ते खरं होतं. मी साताऱ्याकडच्या कोरेगावची, फौजी बापाची लेक. आणि माझी नायिका सांगलीकडची जैन शेतकरीण. तिला मी इतकी गोड आणि सोशिक करून ठेवली होती की माझ्याच घशाखाली उतरेना.

म्हणून मी ओळखीच्या जैन शेतकरीण चंदनबालाअक्कांकडे जाऊ लागले. सांगलीपासून जवळच त्यांचं गाव, घरामागे हळदीचं रान. मी लिहिलेलं वाचून दाखवायचं, त्यांनी चुका काढायच्या, असं ठरलं.

"आसं कोण बोलतंय?" पहिल्याच पानाला त्या खेकसल्या. "जैन म्हंजे काय नुसता दूधभात हाय व्हय? मी लय भांडकुदळ हाय. ते लिव्हा."

होत्याच. दिवस बुडायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. भाकऱ्यांना उशीर झाला की पदर खोचून दारात यायच्या आणि थेट सूर्याला दम द्यायच्या, "हलू नगंस तिथनं मुडद्या, आजून दोन भाकरी ऱ्हायल्यात!" त्यांचे यजमान, बाहुबली अण्णा, ओसरीवर बसून खुदुखुदु हसायचे. हे ऐकायला ते मुद्दाम रानातून लवकर येतात, असा मला संशय होता.

घरी येऊन मी ते जसंच्या तसं लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं पान श्वास घेऊ लागलं. मला आनंदानं रडू आलं.

पुढच्या खेपेला दिवस बुडाला तरी अक्का चुलीपाशी बसूनच होत्या. दिवे लागल्यावर त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवायला लागल्या. अण्णांच्या हातातला तांब्या कलंडला.

"आगं, रात झाली की!"

"मग?" अक्कांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

वय झालं की होतं असं, मी म्हटलं. डॉक्टरांनीही तपासून काही नाही म्हणून सांगितलं. मी लिहीत राहिले. पाणी गाळून झालं की फडक्यातले जीव अक्का पुन्हा विहिरीत सोडायच्या, ते लिहिलं. मग त्या थेट नळाखाली तांब्या धरू लागल्या. त्यांचं तोंडावर पदर धरून हसणं लिहिलं, आणि ते घरातून गेलं.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. खात्री करावी म्हणून अण्णांना "आवं, आयकलासा का" अशी त्या घालायच्या ती हाक तेवढी लिहिली आणि तडक गावी गेले.

अक्का दारातच होत्या. आत वळून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पाहुण्या आल्यात."

शब्द माझे होते. शेवटाला जरा वर जाणारा सूरही माझाच होता.

मी ओसरीवर अण्णांजवळ बसले. अण्णांना सगळं सांगून टाकलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"तिचं तिला माघारी द्या, बाई," ते हात जोडून म्हणाले.

मी घरी जाऊन पानंच्या पानं खोडली. अक्का तशाच राहिल्या. मग सगळा गठ्ठा घेऊन परत गेले आणि त्यांच्यासमोर फाडायला घेतला. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"फाडू नगासा. आता हितंच हाय ती. वाचा."

मी वाचलं.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. सूर्याला दम दिला तिथे ते पूर्वीसारखेच खुदुखुदु हसले. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

अक्का समोर बसून मन लावून ऐकत होत्या.

मी थांबले.

"किती छान बाई आहे हो," अक्का हळूच म्हणाल्या. "कुठे असते ही? मला एकदा भेटायचंय तिला."



अण्णा बायकोकडे न बघता माझ्याजवळ सरकले.

"पयल्यापासनं वाचा," ते म्हणाले.